पूर्वज सापडतात दुसऱ्यांच्या कागदांत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या आणि आता सत्तरीच्या पुढे गेलेल्या माणसांना त्यांची जन्मतारीख विचारून पाहा. कितीतरी जण '१ जून' असे सांगतील. एवढी मुले एकाच दिवशी कशी जन्मली? उत्तर साधे आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. बाप पोराला हाताला धरून आणायचा. गुरुजी पोराकडे एक नजर टाकायचे आणि पहिलीत बसेल असे वय धरून रजिस्टरात तारीख टाकायचे. गुरुजींनी लबाडी केली असे मुळीच नाही. त्यांना मुलाचा जन्म नोंदवायचा नव्हता, प्रवेश नोंदवायचा होता. आज नातू त्याच रजिस्टरचा उतारा काढतो आणि आजोबांची जन्मतारीख मिळाली म्हणून खूश होतो. त्याच ओळीत पालकाचे पूर्ण नाव असते, जात असते, जन्मगाव असते, आधीची शाळा असते, शाळा कधी आणि का सोडली तेही असते. त्या रकान्यांकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. वास्तविक भरवशाचा माल तिथेच आहे.

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने हातात येणाऱ्या प्रत्येक कागदाला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की बाबा रे, तुला लिहिले कशासाठी? सारा वसूल करायला, भांडण मिटवायला, कर्ज फेडून घ्यायला की दान पावल्याची नोंद ठेवायला? ज्या कामासाठी कागद लिहिला गेला त्या कामात लिहिणाऱ्याचा काहीतरी स्वार्थ असतो. तिथे सावध राहायचे. जे त्याने सहज, जाता जाता लिहिले त्यावर जास्त भरवसा ठेवायचा.

हा नुसता हौसेचा मामला आहे असे कोणी समजू नये. आपल्या राज्यात जुना कागद आणि पोटापाण्याचा प्रश्न यांची गाठ पडलेली आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही आणि ज्यांच्या नावे वीतभर जमीन नव्हती त्यांच्या नातवाने तो आणायचा कुठून? २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतले रुमाल सुटले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ज्यांच्या घरी कागद होते त्यांचे काम लवकर झाले, आणि ज्यांच्या घरी नव्हते त्यांना कागद कसा शोधावा हेच माहीत नव्हते.

आपल्याकडे घराण्याचा इतिहास लिहिण्याची परंपरा मोठी आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले आणि त्यांतले काही अतिशय मेहनतीने केलेले आहेत. पण ही परंपरा मुख्यतः लिहित्या-वाचत्या आणि वतनदार घराण्यांची. शिवाय तिने एक वाईट सवय लावली. ती म्हणजे मूळपुरुषापासून सुरुवात करून खाली उतरत येणे. मूळपुरुष कोणी पराक्रमी हवा, तो कोणा राजाच्या पदरी हवा, आणि मग कसेबसे आपल्यापर्यंत येऊन पोचायचे. संशोधनाची वाट याच्या नेमकी उलटी आहे. स्वतःपासून सुरुवात करायची, वडिलांवर जायचे, मग आजोबांवर. प्रत्येक पायरीला निदान दोन कागद हवेत, आणि ते दोन एकमेकांवरून उतरवलेले नसावेत. पायरी पक्की झाल्याशिवाय वर पाऊल टाकायचे नाही.

घरात जुनी वंशावळ असेल तर तिची आधी साधी गणिती परीक्षा घ्यावी. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा. त्याला साडेतीनशे वर्षे होऊन गेली. एका पिढीचे अंतर पंचवीस ते तीस वर्षे धरले तर एवढ्या काळात बारा ते चौदा पिढ्या व्हायला हव्यात. घरातल्या वंशावळीत महाराजांच्या वेळच्या पूर्वजापासून आपल्यापर्यंत सातच नावे असतील तर मधली पाच-सहा माणसे गळाली आहेत, नाहीतर पहिले नाव मागाहून डोक्यावर ठेवले आहे.

वंशावळ हा मुळात दाव्याचा कागद आहे हेही विसरू नये. इंग्रज सरकारने १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी मांडली. ज्याच्याकडे इनाम होते त्याला आपला हक्क शाबीत करणे भाग पडले. मग घरोघरच्या पेट्या उघडल्या, सनदा बाहेर आल्या, कैफियती आणि वंशावळी दाखल झाल्या. आज घराघरांत सापडणाऱ्या पुष्कळ वंशावळींचा जन्म असल्या चौकशीत किंवा कोर्टकज्ज्यात झालेला आहे. हक्क कोणाकडून कोणाकडे आला एवढेच त्यांना दाखवायचे होते. त्यामुळे निपुत्रिक वारलेला भाऊ गळाला, घर सोडून गेलेला गळाला, मुली तर सगळ्याच गळाल्या. दत्तक घेतलेला मुलगा पोटच्या मुलासारखा सरळ रेषेत बसला. म्हणून वंशावळीत नाव नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही.

कागदांकडे वळण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावे. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. पण प्रश्न नीट विचारायला हवेत. "पणजोबा कधी वारले?" असे विचारले तर आजी म्हणणार, "लई वर्सं झाली बाबा." त्याऐवजी "त्यांचं श्राद्ध कधी असायचं?" असे विचारा. तिथी लगेच मिळते. ज्या घरांत श्राद्धपक्ष पाळले जातात तिथे वर्ष विसरले गेले तरी तिथी राहिलेली असते, कारण तिला दरवर्षी काम पडते. मग साल शोधायचे. "साथीत गेले" असे सांगितले जाते, पण साथ कोणती? प्लेग मुंबईत १८९६ साली आला आणि पुढे बरीच वर्षे गावोगाव फिरत राहिला. १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस आला तो इन्फ्लुएंझा. घरच्या आठवणीत या दोन्ही साथी एक होऊन बसतात. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये, त्या अलग होतात. या वहीलाच लोक कोतवाल बुक म्हणतात. ती जिथे शिल्लक आहे तिथे तिच्याइतका बोलका कागद दुसरा नाही. मात्र तिच्यात बाळाचे नाव सापडेल ही आशा फारशी धरू नये. पुष्कळदा बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. बारसे व्हायच्या आत वर्दी गेलेली असायची.

जुन्या कागदातल्या तारखांनी भलेभले अडखळतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण नियम ठाऊक हवा. शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येते हे सगळ्यांना शाळेत सांगितलेले असते. पुढचे अर्धे वाक्य मात्र सांगितलेले नसते. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, तेव्हा जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला झाली. ७८ मिळवले तर १७६० येते, आणि लढाई तर १४ जानेवारी १७६१ ची. घरातल्या कागदावर पौष-माघाची मिती असली की हा एक वर्षाचा घोटाळा हमखास होतो.

पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो, आणि तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. एकूण ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवावे, आणि जानेवारीनंतरची तारीख असेल तर ६००. पुन्हा पानिपतचेच १७६१ येते. मराठवाड्यातल्या निजामी कागदांवर फसली सन असतो. तिथे ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शके लिहिताना संवत्सराचे नावही देण्याची आपल्याकडची रीत मोठी उपकारक आहे. शके १६८२ चे नाव विक्रम. नक्कल करणाऱ्याने एखादा आकडा चुकवला तर आकडा आणि संवत्सर जुळत नाहीत आणि चोर जागीच सापडतो. साठ वर्षांच्या त्या चक्राचा तक्ता कोणत्याही जुन्या पंचांगात मिळतो.

आता नावांचे पाहू. मराठी घरात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल, त्यामुळे 'राणोजी बिन संताजी' आणि 'संताजी बिन राणोजी' पिढ्यान्‌पिढ्या आळीपाळीने येत राहतात. १८६० चा राणोजी आणि १९१० चा राणोजी एकच समजून मधल्या दोन पिढ्या गिळल्याची उदाहरणे छापील कुलवृत्तांतांतही आढळतील. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, वलद म्हणजेही तेच. कोम म्हणजे अमक्याची बायको. हे तीन शब्द वाचता आले तरी निम्मे काम होते. आडनावाची तर गोष्टच सोडा. जुन्या कागदात ते पुष्कळदा नसतेच. असले तरी कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जोशी ही कामाची नावे, आणि 'कर' लावून होणारी नावे गाव सोडल्यावर चिकटलेली. जो गावातच राहिला त्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? तेव्हा आज जे आडनाव आपण लावतो ते घेऊन दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदांत शोधत बसणे म्हणजे अंगावरचा आजचा सदरा दाखवून पणजोबांची चौकशी करण्यासारखे आहे.

मग धागा कोणता धरायचा? ज्यांच्याकडे थोडीफार जमीन होती त्यांनी माणसाचा पाठलाग सोडून शेताचा पाठलाग करावा. माणूस नाव बदलतो, दत्तक जातो, मरतो. शेत जिथल्या तिथे असते. आजच्या सातबारावर उजवीकडे-डावीकडे जे फेरफार क्रमांक गोल करून लिहिलेले असतात ते म्हणजे मागे नेणाऱ्या पायऱ्याच. प्रत्येक क्रमांक हा गाव नमुना सहामधली एक नोंद. अमका अमक्या तारखेस मयत, वारस अमके, वय अमके, नाते अमके. एका नोंदीवरून आधीच्या नोंदीवर जाता येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, तेव्हा साधारणपणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपर्यंत हा जिना चढता येतो. विदर्भात आणि मराठवाड्यात पत्रकांची नावे वेगळी आहेत, रीत तीच. अलीकडे बऱ्याच जिल्ह्यांतल्या जुन्या अभिलेखांची छायाचित्रे संगणकावरही पाहायला मिळतात. नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा.

या जिन्याची एक पायरी मोडकी आहे आणि तिथे पुष्कळ लोक पडतात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव जमिनींचे गट पाडले गेले आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट क्रमांक घेऊन १९२० सालच्या रजिस्टरात शोधले तर भलत्याचेच शेत हाती लागते. जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा आधी काढावा, मगच मागे जावे. जुना सर्व्हे नंबर हाती आला की पल्ला लांबतो, कारण हे नंबर पाडणारी मोजणी इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीने सुरू केली आणि पुढे ती इलाखाभर पसरली.

खरेदीखत किंवा गहाणखत मिळाले तर आधी चतुःसीमा वाचावी. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमक्याचा मळा. वाटण्या झाल्या की भाऊच शेजारी होतात. त्यामुळे चतुःसीमेतली माणसे दोन पिढ्यांपूर्वीची चुलत भावंडे निघण्याचा संभव फार. हे नाव त्या कागदात कोणी आपली वंशावळ सांगायला लिहिलेले नसते, आणि म्हणूनच ते खरे.

आणि ज्यांच्याकडे शेतच नव्हते त्यांचे काय? कुलवृत्तांतांची परंपरा इथे हात टेकते. बलुतेदाराने, महाराने, सालगड्याने स्वतःच्या नावाचा कागद घरात शोधला तर तो मिळणार नाही. त्याने दुसऱ्याच्या कागदात शोधायला हवे.

शिवकाळात आणि पेशवाईत पाटीलकीवरून भांडण झाले की गोतसभा बसायची. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन आणि गावचे बलुतेदार. निवाड्याचा जो कागद व्हायचा त्याला महजर म्हणत. महजरात सभेला कोण कोण हजर होते त्यांची नावे आणि निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, कुंभाराचे चाक. आता पाहा, कागद पाटलाच्या भांडणाचा, तो जपला पाटलाच्या वारसांनी, छापला इतिहास संशोधकांनी पाटलाच्या घराण्यासाठी, पण त्यात तीनशे वर्षांपूर्वीचा तुमच्या गावचा सुतार, लोहार, चांभार, महार नावानिशी साक्षीला उभा आहे. गावच्या पाटलाच्या घरी आपल्या पूर्वजाचे नाव असेल हे त्याच्या वंशजाला कसे सुचावे? असले शेकडो कागद राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांत आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या 'शिवचरित्रसाहित्य' या मालेत बाळबोध लिपीत छापून पडलेले आहेत. मोडी न शिकलेल्या माणसालाही ते वाचता येतात. ग्रंथालयात जाऊन आधी आपल्या गावाचे नाव पाहावे, घराण्याचे नंतर.

महारवतनाचे कागद हा आणखी एक मोठा साठा. वतन म्हटले की आपल्याला मान आठवतो. इथे ते गावकीच्या राबणुकीचे बंधन होते. १८७४ च्या वतन कायद्याने त्याची नोंद पक्की झाली, त्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि ही कनिष्ठ गावकामगार वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली. ज्या व्यवस्थेने माणसांना बांधून ठेवले तिनेच त्यांची नावे, त्यांचे वारस आणि पाळीची वर्षे लिहून ठेवली. बंधन तुटल्यावर जमिनी पुन्हा नावावर करताना आणखी कागद झाले. हे कागद वाचताना मनाला त्रास होतो, पण वाचावेत.

तिसरा कागद सावकाराचा. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखते जाळली. दंगा पुढे पुणे-नगर भागात पसरला. कुळाच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून पाहिले तर त्या होळीत कित्येक कुणबी घराण्यांचे एकमेव लेखी स्मारक जळाले. अर्थात मी तेव्हा सुप्यात असतो तर मीही काडी लावली असती! पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला आणि शेतकऱ्याच्या कर्जव्यवहाराचे दस्त गावच्या निबंधकासमोर करणे सक्तीचे झाले. सही न येणाऱ्या माणसाचा अंगठा, बापाचे नाव, गाव, साक्षीदार. पुढे १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत दस्तांच्या सूची होत गेल्या. आपल्या माणसाचे नाव खरेदी घेणाऱ्यांत नसले तर देणाऱ्यांत पाहावे, तिथेही नसले तर साक्षीदारांत.

शिपाईगिरीचेही तसेच. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत १९१४-१९ च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे, नाव एकाचेही नाही. नावे आहेत ती राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत, आणि तिथे पुष्कळदा बापाचे नाव व गावही दिलेले असते. पाटीवरचा आकडा आणि यादीतली गावाची नावे ताडून पाहिली की काही घरांची गोष्ट उलगडते. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ साली पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतल्या महार शिपायांच्या नावांमागचे 'नाक' अजून वाचता येते.

आतापर्यंत घराणे एकाच गावात राहिले असे धरून बोललो. पण आपण तर उठून गेलेली माणसे. अशा वेळी त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्या उपयोगी पडतात. यात्रेकरू आला की गाव, आडनाव, सोबतची माणसे, मुलेबाळे लिहून घ्यायची आणि लिहिता येत असेल तर त्याच्याच हाताने लिहवून घ्यायचे ही तिथली जुनी रीत. पणजोबांचे हस्ताक्षर कुठे सापडेल तर इथे. मात्र उपाध्ये वाटून घेतलेले असतात ते गावावरून आणि प्रांतावरून. आज पुण्यात राहता म्हणून पुण्याचे उपाध्ये शोधाल तर वही कोरी निघेल. मूळ गाव आधी ठाऊक हवे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे आणि कर्नाटकात हेळवी येतात. दारात उभे राहून घराण्याची पिढीवार नावे म्हणून दाखवायची आणि नवी जन्मलेली पोरे वहीत चढवायची हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांची नवीन नावे बहुधा अचूक असतात. अगदी जुनी नावे ऐकताना मघाचे पिढ्यांचे गणित लावावे, कारण दक्षिणा देणाऱ्याला थोर मूळपुरुष आवडतो हे त्यांनाही कळते.

मूळ गाव ठाऊक नसेल तर लोक कुलदैवतावरून शोधतात. ही खूण चांगली, पण देवही स्थलांतर करतात. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे मोडली तेव्हा भक्तांनी देव उचलून जुवारी नदीपलीकडे नेले. आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. ज्यांचे कुलदैवत कवळ्याला आहे त्यांनी आपले मूळ गाव कवळे म्हणून लिहू नये. त्यांना नदीच्या अलीकडे, सासष्टीकडे पाहायला हवे. तिथल्या गावकरीच्या आणि इतर जुन्या कागदांसाठी पणजीचे पुराभिलेखागार आहे. १५९५ साली दियोगु दु कोतु याच्या हाताखाली गोव्यात ते सुरू झाले. ख्रिस्ती झालेल्या घरांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचा आधार मिळतो.

सर्वांत लांबचा धागा मॉरिशसचा. १८३४ पासून तिथे हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर जाऊ लागले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती. तिथे बापाचे किंवा आजाचे पाळण्यातले नावच पुढे आडनाव झाले, तेही फ्रेंच वळणाच्या कारकुनाने कानाला ऐकू येईल तसे लिहिलेले. नावावरून शोधणे जवळजवळ अशक्य. पण उतरणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक दिला जाई. मोका येथल्या महात्मा गांधी संस्थेत ही रजिस्टरे जतन केलेली आहेत. तिकडचा वंशज आधी आपल्या घरच्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांतून तो क्रमांक शोधतो, आणि क्रमांकावरून गलबत, साल, वय आणि गाव. इकडे शेताचा नंबर, तिकडे माणसाचाच. गावाचे नाव मात्र उच्चारून, मोठ्याने वाचून ओळखावे लागते, आणि हे काम त्या भागातली बोली कानावर असलेला कोकणी म्हातारा अभ्यासकापेक्षा लवकर करतो.

राहता राहिल्या बायका. खरे तर घराण्यातली निम्मी माणसे त्या, पण लग्नात आडनाव बदलले, पुष्कळ घरांत नावही बदलले, आणि माहेरच्या वंशावळीतून ती गेली व सासरच्या वंशावळीत 'पत्नी' म्हणून आली, कधी तीही नाही. जुन्या कागदांत ती दिसते ती विधवा झाल्यावर, 'कोम' लावून, पोटगी किंवा दत्तकाच्या भांडणात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाल्यावर चित्र पालटले. बाप वारला की फेरफारात मुलींची नावे वारस म्हणून येऊ लागली, सासरच्या आडनावासह आणि बहुधा गावासह. पुढच्याच एखाद्या नोंदीत त्यांनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचेही दिसते. हक्क गेला तो गेला, पण नोंद राहिली. आत्याचे गाव कोणते, तिथे तिची मुले कोण, हे कित्येक घरांना पहिल्यांदा कळते ते या नोंदीतून.

म्हणून घरात वंशावळ लिहायला घ्याल तेव्हा प्रत्येक सुनेपुढे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव हे तीन रकाने घाला. आजीच्या माहेरच्या गावी तिच्या भावाच्या नातवंडांकडे जाऊन बसा. आपल्या घरात जी पेटी वाळवीने खाल्ली, तिच्यातल्या लग्नाच्या याद्या, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या, पत्रे यांची दुसरी बाजू त्या घरात असू शकते. कागद मिळाले तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेऊ नका. ज्या क्रमाने ते बांधलेले आहेत तो क्रम न मोडता छायाचित्रे काढा आणि गाठोडे पुन्हा तसेच सुती कापडात बांधून ज्याचे त्याला परत करा.